संगणकाचीही फॅट लावा

बारामती तालुक्यातल्या आमच्या लोणी भापकरला सकाळी डेअरीवर गेलेला माणूस कॅन ठेवून नुसते लिटर मोजून परत फिरत नाही. नमुना काढला जातो, मशीनवर फॅट लागते, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग निघतो आणि दर त्यावर ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून पैसे वर-खाली होतात, हे आमच्या जिरायती पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. फॅट एक पॉइंट कमी लागली तर शेतकरी तिथेच भांडतो, आणि ते भांडण रास्त असतं. हाच शेतकरी पोरासाठी दुधाच्या पगारातून सुटे भाग आणून संगणक जोडून घेतो, तेव्हा मात्र पंखा फिरला, पडदा उजळला, विंडोज चालू झालं की गप्प बसतो. घातलेल्या पैशाची फॅट किती लागली, हे विचारत नाही. विचारणाऱ्याला लोक तीन उत्तरं देतात. तिन्ही मला चुकीची वाटतात.

पहिलं उत्तर असं की जोडलेल्या संगणकाचं काय मोजायचं, कंपनीचा तो कंपनीचा. पण कंपनीच्या खोक्यात असतं तरी काय? तोच प्रोसेसर, तीच रॅम, तीच एसएसडी. फरक एवढाच की खोकं बंद करण्याआधी तिथे कुणीतरी ते चालवून, तापवून बघितलेलं असतं. मग आपणही बघावं. आणि जोडलेल्या यंत्राला कमी लेखायचं असेल तर पुण्याचा इतिहास आठवावा. अमेरिकेने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातले ट्रान्सप्युटर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते, पैसे टाकून कुणालाही घेता येणारे. जोडणी आपली होती. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातलाच ‘एका’ हा महासंगणक जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत चौथा आला. ती यादी नाव बघून लागत नाही. लिनपॅक नावाची गणिताची चाचणी प्रत्येकाला द्यावी लागते आणि निघालेल्या आकड्यावर क्रम ठरतो. चौथा क्रमांक मिळाला तो मोजून घेतलं म्हणून.

दुसऱ्या उत्तराचे लोक उलट्या टोकाला असतात. ते मोजतात, पण एकच आकडा धरून बसतात. माझा स्कोअर तुझ्यापेक्षा जास्त, म्हणजे माझा संगणक भारी. पोरांमध्ये हे फार आहे. जपानच्या ‘फुगाकू’ महासंगणकाने लिनपॅकमध्ये ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले. त्याच यंत्राने एचपीसीजी या दुसऱ्या चाचणीत १६ पेटाफ्लॉप्स दिले, आणि त्या चाचणीतही तो त्या काळी जगात पहिलाच होता. यंत्र तेच, काम बदललं. लिनपॅकमध्ये आकडेमोडीवर भार असतो, एचपीसीजीमध्ये मेमरीतून माल आणण्यावर. स्कोअर खोटा नसतो, तो एका कामापुरता खरा असतो.

हे मला घरातच शिकायला मिळालं. पुतण्याला व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक हवा होता. ग्राफिक कार्डाला पैसे नव्हते, म्हणून रायझन ५ ५६००जी घेतला, सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच असलेला. रॅम १६ जीबीची एकच पट्टी घेतली, पुढे दुसरी टाकता येईल असा माझा हिशेब. जोडला, प्रोसेसरची चाचणी घेणारं सिनेबेंच चालवलं. त्या प्रोसेसरला जेवढा स्कोअर यायला हवा तेवढाच आला. मी निश्चिंत झालो.

आठवड्याने पुतण्याने हाक मारली. गावातल्या मल्लिकार्जुनाच्या मंदिरासमोरच्या पुष्करणीचा व्हिडिओ त्याने काढला होता. पायऱ्या, कोनाडे आणि शेवटी यज्ञवराहाची मूर्ती, तिच्या अंगावर कोरलेल्या बारीक बारीक आकृत्यांवरून कॅमेरा हळू फिरवलेला. रंग सुधारायला घेतले की नेमका तिथे व्हिडिओ अडखळत होता. चित्र उडी मारायचं, आवाज पुढे जायचा. “काका, मशीन चांगलं निघालं म्हणाला होता ना?” एवढंच तो म्हणाला.

सिनेबेंच प्रोसेसरला घाम फोडतं, पण रॅमकडे फारसं जात नाही. आतल्या ग्राफिक्सला मात्र स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. एका पट्टीला एकच वाट असते. ३२०० वेगाच्या डीडीआर४ पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल जातो. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की वाटा दोन होतात आणि आकडा ५१.२ वर जातो. शिवाय बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलेलं नव्हतं, त्यामुळे ३२०० ची पट्टी त्याहून कमी वेगावर चालत होती. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर तो वेग लिहिलेला दिसतो. मी ते पान उघडलंच नव्हतं. १६ ची पट्टी बदलून ८-८ च्या दोन आणल्या, एक्सएमपी चालू केलं. सिनेबेंचचा स्कोअर जवळपास होता तिथेच राहिला. पण वराहाच्या पाठीवरून कॅमेरा सरळ निघून गेला. त्या दिवसापासून ज्याला संगणक जोडून देतो, त्याचं रोजचं काम काय, हे आधी विचारतो आणि त्याच कामाची एखादी फाइल चाचणीला ठेवतो.

तिसरं उत्तर सगळ्यांत जोरकस आहे. आकडे खोटे असतात, कंपन्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरती यंत्रं पळवतात, आपल्याला वापरून कळतं की! यातलं पहिलं वाक्य निराधार नाही. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हा खेळ नावावरून ओळखायचा आणि चित्राचा दर्जा उतरवून वेग वाढवायचा. हे उघड कसं झालं? कुणीतरी खेळाच्या फाइलमधलं ‘क्वेक’ काढून ‘क्वॅक’ केलं आणि पुन्हा मोजलं. वेग खाली आला. म्हणजे मोजणीतली लबाडी मोजणीनेच पकडली. उसाच्या काटामारीचा अनुभव ज्याला आहे, तो काटाच नको म्हणत नाही. तो आधी बाहेरच्या काट्यावर गाडी वजन करून घेतो आणि पावती खिशात ठेवतो.

आणि वापरून कळतं, हे तर मला मुळीच मान्य नाही. पूर्वी दुधात बोट बुडवून दूध घट्ट की पातळ ते सांगणारे जाणते होतेच. आज त्या बोटावर कुणी दर ठरवू देईल का? नवा पैसा घातलेली वस्तू आठ दिवस वेगवानच वाटते. जुनी झाली, मनातून उतरली की तीच मंद वाटायला लागते. या वाटण्यापोटी लोक चालती यंत्रं मोडीत काढतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत साथ संपल्यावर, जुना टाका नि नवा घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो आहे. त्यातल्या कित्येक यंत्रांत मंद आहे ती फिरती हार्ड डिस्क. एसएसडी टाकून, लिनक्स चढवून, पोरांचा अभ्यास आणि कागदपत्रं ज्यात होतात तेवढंच काम घड्याळ लावून करून बघा आणि मग टाकायचं की ठेवायचं ते ठरवा.

मोजायचं तर नीट. डेअरीत डिग्री लावताना दुधाचं तापमानही बघतात, कारण धारोष्ण दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि डिग्री कमी दाखवतो. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलेला संगणक आणि जानेवारीत पहाटे चालवलेला संगणक यांचे आकडे शेजारी मांडणं तसंच चुकीचं. ५६००जी ९५ अंशांवर पोचला की आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून चाचणी एकदा पळवून थांबू नये. सिनेबेंच आर२३ आपणहून दहा मिनिटं चालतं, ते यासाठीच. दहाव्या मिनिटाचा वेग आणि पहिल्या मिनिटाचा वेग यांत फार अंतर पडलं तर कूलर उघडून पेस्ट बघावी, खोक्यातून वारा नीट बाहेर जातो का ते बघावं.

विंडोज नुकतं टाकलेलं असेल तर मागे अपडेट चालू असतात, ते संपू द्यावेत. विंडोज ११ मधलं मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण काही खेळांचा वेग कमी करतं, तेव्हा ते चालू होतं की बंद, हे आकड्याशेजारी लिहावं. तीनदा मोजावं, मधला आकडा धरावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. विंडोज आणि लिनक्स यांची तुलना करायची तर दोन्हीकडे तीच फाइल, तेच काम असावं. सगळं वहीत तारखेसह उतरवावं. वर्षाने यंत्र मंद झाल्याची तक्रार आली तर ती वही उघडता येते.

माझी मागणी बारामतीत आणि गावोगावी संगणक जोडून विकणाऱ्यांकडे आहे. डेअरीवर वीस लिटर दुधाला चिठ्ठी मिळते, तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर, तारीख सगळं असतं. हजारोंचा संगणक देताना बिलाला तशीच एक चिठ्ठी जोडा. रॅम किती पट्ट्यांची आणि कोणत्या वेगावर चालते आहे, दहा मिनिटांच्या भाराखाली प्रोसेसर किती अंशांवर गेला, खोलीचं तापमान किती होतं, आणि गिऱ्हाईकाने आणलेल्या त्याच्याच फाइलला किती वेळ लागला. अर्ध्या तासाचं काम आहे. पुतण्याच्या संगणकाची तशी चिठ्ठी मी लिहून दिली आहे, ती त्याने खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.