दप्तर पुरात गेलं

२०१९ चा पूर ओसरून दीडेक वर्ष झालं असेल. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका ग्रामपंचायतीत लेखापरीक्षणाला गेलो होतो. चहा आला, पोहे आले, दप्तर काही येईना. शेवटी लिपिक खाली बघत म्हणाला, "सायेब, दप्तर गेलं की वो पाण्यात." भिंतीवर माझ्या छातीच्याही वर पाण्याची मळकट रेघ होती, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. तरी दुपारी माळ्यावरची एक ट्रंक खाली काढायला लावली. आत सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेली रोकडवही निघाली. फुगून दुप्पट झालेली, पानाला पान चिकटलेलं. स्टीलची पट्टी घालून एकेक पान सोडवलं. शाईने लिहिलेला तपशील जांभळ्या डागांत विरघळला होता, पण पानाच्या तळाशी कुणीतरी पेन्सिलीने केलेल्या बेरजा शाबूत होत्या. पैसा कुणाला दिला ते गेलं, किती दिला ते राहिलं.

रोकडवहीचं मला वाईट वाटलं. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. हरवलेल्या प्रमाणकांची यादी लिपिकाने आधीच टाइप करून ठेवली होती आणि तीत नोव्हेंबरची सात प्रमाणके होती. पूर ऑगस्टात आला होता.

विधिमंडळ सरकारकडून खर्चाचा हिशेब कसा घेतं, या विषयावरच्या अंकाची सुरुवात या ट्रंकेपासून करण्याला कारण आहे. आपण लेखाधिकारी, लेखापरीक्षक, ग्रामसेवक मंडळी हा विषय मुंबई-नागपूरचा मानतो. सभागृह, आमदार, मंत्री, गोंधळ, सभात्याग. पण आमदार उभा राहून जो प्रश्न विचारतो, त्याला लागणारा कागद तालुक्याच्या कपाटात असतो, आणि तो लिहिणारे आपण असतो.

आधी वेळापत्रक पाहा. शिरोळला पूर येतो जुलैच्या अखेरीस नाहीतर ऑगस्टात, कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा एकदम फुगल्या की. २०१९ चं पावसाळी अधिवेशन २ जुलैला संपलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर पाण्याखाली गेली. बाधित कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये जाहीर झाले. मग निवडणूक, सत्तास्थापनेचा घोळ, १२ ते २३ नोव्हेंबर राष्ट्रपती राजवट. नव्या सभागृहाचं कामकाज म्हणावं असं पहिलं अधिवेशन नागपुरात १६ डिसेंबरला सुरू झालं आणि २१ तारखेला आटोपलं. त्या सहा दिवसांत सुमारे १६ हजार कोटींच्या पुरवणी मागण्याही होत्या. पुराच्या खर्चावर आमदाराने बोलायचं केव्हा?

२०२१ मध्ये तर त्याहून सुरेख योग जुळला. पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचं, ५ आणि ६ जुलै. पूर २२ जुलैनंतर. मंत्रिमंडळाने ३ ऑगस्टला ११,५०० कोटींचं पॅकेज मंजूर केलं. सभागृह भरलं २२ डिसेंबरला. यात बेकायदा काही नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, एवढंच संविधानाचा अनुच्छेद १७४ सांगतो. तातडीचा खर्च आकस्मिकता निधीतून करावा आणि मागाहून पुरवणी मागणीने सभागृहाची मंजुरी घ्यावी, हीही रीतच आहे. बुडणाऱ्या माणसाला दोर टाकायला विनियोजन विधेयकाची वाट पाहायची नसते. पण या रीतीमुळे शिरोळसारख्या तालुक्यातला सगळ्यात मोठा खर्च दर वेळी सभागृहाच्या पाठीमागे होतो आणि सभागृहापुढे येतो तेव्हा तो होऊन गेलेला असतो.

पुरवणी मागण्यांचंही थोडं बोललं पाहिजे. २०२४-२५ चा राज्याचा अर्थसंकल्प साधारण ६ लाख १२ हजार कोटींचा. त्याच वर्षात जुलैमध्ये ९४,८८९ कोटी, डिसेंबरमध्ये ३५,७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६,४८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या वर, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या २२ टक्के. घरात महिन्याचा किराणा भरताना शंभर रुपयांचा हिशेब केला आणि महिनाअखेर एकशेबावीस लागले, तर बायको विचारतेच. शिवाय मूळ तरतूदच संपलेली नसताना पुरवणी मागितली, हा शेरा कॅगच्या वित्तविषयक अहवालात इतक्या वेळा येऊन गेलाय की तो वाचताना आता डोळा अडखळतही नाही. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो, पाणी चढलं की लोक सामान वर उचलतात. पुरवणी मागण्यांची पातळी कुठपर्यंत चढली म्हणजे इशारा, हे कुणी ठरवलेलं नाही.

तरीही सभागृहाचा दिवस संपल्यावर विधिमंडळाचं काम संपत नाही. समित्या अधिवेशनाबाहेरही बसतात. लोकलेखा समिती कॅगचा अहवाल हाती घेते आणि साक्षीला बोलावते ती खात्याच्या सचिवाला. मंत्री समितीचा सदस्य नसतो. लोकसभेत १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. आपल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी पंचायती राज समिती आहे, म्हणजे आपली 'पीआरसी'. ती येणार म्हटलं की काय होतं, ते या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. रंगरंगोटी, फायलींना नवी कव्हरं, स्वागताचे फेटे आणि जेवणात तांबडा-पांढरा. समितीने एखाद्या परिच्छेदावर 'मूळ प्रमाणक दाखवा' म्हटलं की मात्र सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मला वाटतं, त्या एका वाक्यासाठीच समिती असते. बाकीचा दौरा झाला नाही तरी चालेल.

त्या वाक्याची ताकद आपण कशी घालवतो, ते आपल्याच अनुपालन अहवालांत वाचावं. "यापुढे दक्षता घेण्यात येईल, तरी परिच्छेद वगळण्यात यावा, ही विनंती." नोकरीच्या काळात हे वाक्य मी शेकड्यांनी वाचलं आहे आणि खरं सांगायचं तर ते स्वीकारून परिच्छेद वगळलेही आहेत, कारण प्रलंबित परिच्छेदांचा आकडा खाली आणायचा असतो आणि मार्च जवळ आलेला असतो. आक्षेप होता एका रकमेबद्दल. उत्तर आलं वागणुकीबद्दल. रक्कम वसूल झाली का, नियमित केली का, की आक्षेपच चुकीचा होता, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. असा वगळलेला परिच्छेद एकत्रित अहवालात जात नाही, अहवालात नाही म्हणून समितीपुढे नाही, आणि समितीपुढे नाही म्हणजे तो खर्च कुणी कधी विचारलाच नाही. सरकारला जाब विचारण्याची साखळी मंत्रालयात तुटते असं आपण म्हणतो. माझ्या अनुभवात ती पंचायत समितीच्या लेखा विभागात, चहाच्या वेळी तुटते.

पुराच्या निधीत आणखी एक गुंता आहे आणि तो आमदारांनाही नीट उलगडत नाही. २०१९ ला राज्याने केंद्राकडे ६,८१३ कोटी मागायचं ठरवलं, त्यातले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी. हा मागितलेला आकडा. २०२१ चे ११,५०० कोटी हा जाहीर झालेला आकडा, आणि त्यात मदतीचे १,५००, पुनर्बांधणीचे ३,००० आणि दीर्घकालीन उपाययोजनांचे तब्बल ७,००० कोटी होते. याच्या पुढे मंजूर झालेला आकडा, वितरित झालेला आकडा, कोषागारातून काढलेला आकडा, प्रत्यक्ष खर्च झालेला आकडा, आणि सगळ्यांत शेवटी अर्जुनवाडच्या नाहीतर आलासच्या बाईच्या खात्यात पडलेला आकडा. सात वेगवेगळ्या रकमा, आणि बातमीत सगळ्यांना 'निधी' असंच म्हणतात. आमदार जाहीर झालेल्या आकड्याने विचारतो, मंत्री वितरित आकड्याने उत्तर देतो, दोघंही खरं बोलतात आणि गाठ कुठेच पडत नाही.

ती गाठ पाडणं हे आपलं काम. '२२४५ नैसर्गिक आपत्तीच्या निवारणासाठी साहाय्य' या लेखाशीर्षाखाली राज्याची एकूण रक्कम दिसते, गाव दिसत नाही. गाव दिसतं तहसीलच्या यादीत, तलाठ्याच्या पंचनाम्यात, बँकेच्या परत आलेल्या नोंदींत. चुकीच्या खाते क्रमांकामुळे परत आलेल्या रकमा हा तर या सगळ्या व्यवहाराचा अंधारा कोपरा. त्या बँक खात्यात पडून राहतात, कोषागाराच्या लेखी मात्र खर्च झालेल्या असतात. तात्काळ देणं असल्याशिवाय कोषागारातून पैसा काढू नये, हे कोषागार नियम आपल्याला १९६८ पासून सांगताहेत. काढून ठेवलेला पैसा उपयोगिता प्रमाणपत्रात 'खर्च' म्हणून जातो, आणि सचिव समितीपुढे तेच प्रमाणपत्र वाचून दाखवतात. प्रमाणपत्र खोटं असेल तर ते सही करणाऱ्याने खोटं केलेलं असतं. सचिवांनी नव्हे.

आकड्यांनी सरकारला बोलतं करण्याची परंपरा आपल्या भागाला अगदीच परकी नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं लहानपण कागलात गेलं आणि कॉलेजशिक्षणाची सुरुवात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाली. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात ते अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्या कायदेमंडळात सभासदाला बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारनेच छापलेले आकडे घेऊन दाखवलं की ही शिल्लक भरभराटीची नाही. रुपयाचा दर कृत्रिमरीत्या चढा ठेवला आहे आणि दुष्काळाने मोडलेल्या रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर आहे, त्यातून ती आली आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका भाषणाने तो उतरला असं मी म्हणणार नाही. पण मताचा अधिकार नसलेला हा गणिताचा मास्तर ज्याच्या जोरावर उभा होता, ते आकडे कुठल्यातरी कारकुनाने इमानाने मांडलेले होते, एवढं खरं.

आज मताचा अधिकार आहे. शिरोळ तालुक्यातल्याच निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार संविधान सभेचे सदस्य होते. तिथेच राज्याच्या लेख्यांवरचा कॅगचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवण्याचा अनुच्छेद १५१ मंजूर झाला, आणि तिथेच डॉ. आंबेडकरांनी कॅग हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचं सांगितलं. तो अहवाल आता बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, आमदारांच्या बॅगा भरून झालेल्या असताना. विरोधात असताना यावर ओरडणारे सत्तेत आल्यावर तेच करतात, सगळ्याच पक्षांचे. आमची मागणी साधी आहे. अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडा. आणि ज्या वर्षी पूर येईल त्या वर्षी आपत्तीच्या खर्चावर लोकलेखा समितीने डिसेंबरची वाट न पाहता शिरोळ, पलूस, वाळव्यात येऊन बसावं. शक्यतो ज्या शाळेत छावणी होती त्याच शाळेत.

समिती येवो न येवो, आपल्या हातात काही गोष्टी आहेतच. पूरखर्चाच्या प्रत्येक देयकावर शासन निर्णयाचा क्रमांक आणि गावाचं नाव लिहा, फक्त लेखाशीर्ष नको. परत आलेल्या रकमांची वेगळी नोंदवही ठेवा आणि दरमहा खर्चमेळ घेताना ती सोबत न्या. लेखापरीक्षकांनी 'दप्तर पुरात गेले' हे उत्तर आलं तर कोषागाराची नोंद, बँकेचा उतारा, पुरवठादाराची प्रत, तलाठ्याची यादी यांवरून हिशेब पुन्हा उभा करावा. वेळ लागतो. त्या ट्रंकेतल्या रोकडवहीला मला अकरा दिवस लागले, आणि पेन्सिलीच्या बेरजा बँकेच्या उताऱ्याशी एक रक्कम सोडून जुळल्या. ती एक रक्कम नोव्हेंबरची होती. परिच्छेद लिहिला, तो अजून वगळला गेलेला नाही.

जून लागलाय. बंधाऱ्यांचे बरगे काढून झालेत, काठावरच्या गावांत जनावरं कुणाच्या गोठ्यात न्यायची याची बोलणी चालू आहेत. तुमच्या कार्यालयातलं प्रमाणकांचं कपाट तळमजल्यावर असेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी ते वर हलवा.