पगाराची ओळ खोडू नका

मार्च उजाडला की गुरुग्रामच्या कंपन्यांचे फोन सुरू होतात. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे, पैसे ३१ तारखेच्या आत मार्गी लावायचे असतात. मी नोएडात राहते आणि धर्मादाय संस्थांसाठी अनुदानाचे अर्ज लिहिते. त्यातले कर्करोग संशोधनाचे अर्ज सगळ्यांत चिवट. कारण अर्ज गेला की ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, सॅलरीवाली लाइन हटा दीजिए, मशीन बढ़ा दीजिए."

यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, फीत कापता येते. तंत्रज्ञाच्या पगारावर पाटी कुठे ठोकणार?

पण संशोधनासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा वेळ न दवडता उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जावा लागतो. रुग्णाची संमती घेणारा, बाटलीवर नंबर घालणारा माणूस लागतो. पुढे पाच वर्षं त्या रुग्णाचं काय झालं, ही नोंद जोडली नाही, तर त्या तुकड्याचा उपयोग फार थोडा. मेमध्ये दिल्लीचा पारा ४५ वर चढतो, वीज जाते, कॉम्प्रेसर कुरकुरतो. जनरेटरचं डिझेल आणि रात्री अलार्म वाजल्यावर धावत येणारा कर्मचारी, यांना देणगीच्या तक्त्यात जागा नसते.

पगार नाकारताना कंपन्या प्रशासकीय खर्चावरच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेवर बोट ठेवतात. ही सबब लंगडी आहे. २०२१ साली सुधारलेल्या सीएसआर नियमांनुसार ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागते, प्रकल्पावर थेट होणाऱ्या खर्चाला नाही. शिवाय सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालवायची मुभाही त्याच नियमांत आहे. तेव्हा अडचण कायद्याची नाही, हौसेची आहे.

संशोधनात पैसा माणसांवर घालावा लागतो, हे दोराबजी टाटांना कळलं होतं. पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्यावर १९३२ साली त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि त्याचा पैसा देशोदेशीच्या संशोधकांसाठी ठेवला. परळचं टाटा रुग्णालयही १९४१ साली धर्मादाय पैशातूनच उभं राहिलं. पण १९५७ साली ते आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेलं, म्हणजे रोजच्या खर्चाला सरकारचा आधार मिळाला. इकडे झज्जरजवळ बाढसा गावी एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, तिलाही सरकारचा आधार आहे. छोट्या धर्मादाय प्रयोगशाळेला मात्र असा कोणी वाली नसतो.

कंपन्यांच्या सीएसआर समित्यांवर मराठी माणसं कमी नाहीत. त्यांना एवढंच सांगणं: यंदा अर्ज आला तर पगाराची ओळ खोडून परत पाठवू नका. आणि यंत्रच द्यायचं असेल, तर निदान पाच वर्षांच्या देखभाल कराराचे पैसे त्याच धनादेशात घाला.