दूध आटत नाही, आटवलं जातं

"पहिलटकरीण आहे, दूधच येत नाही तिला." सेलूच्या वस्त्यांमधून बाळंतिणींना भेटायला गेलं की सासूबाईंचं हे वाक्य ठरलेलं. मी विचारते, बाळ पहिल्यांदा अंगावर कधी घेतलं? उत्तर येतं, दुसऱ्या दिवशी. सिझर झालं होतं ना! तोवर दवाखान्यातूनच डब्याच्या दुधाची चिठ्ठी मिळालेली असते.

मैत्रिणींनो, बाळ जितकं ओढतं तितकं दूध उतरतं. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, बाळाला तो पुरतोही. बाटलीनं पोट भरलेलं बाळ ओढत नाही, आणि मग खरंच दूध कमी होतं. दोष कुणाचा? बाईचा!

दवाखान्यात बाळंत व्हा, असं आपणच गावोगाव सांगत हिंडलो. बायांनी ऐकलंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दवाखान्यातली बाळंतपणं २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाली. पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं? ४१.६ वरून ४१.८ टक्के! बाई दवाखान्यात पोचली, पण बाळ काही आईपर्यंत पोचलं नाही.

१९९२ च्या कायद्यानं डब्याच्या दुधाची जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टर-नर्सना कंपनीच्या भेटी यांवर बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीला कोण जाहिरात म्हणणार? कंपनीला याहून चांगली जाहिरात हवी तरी कशाला?

भिंतीवर मात्र 'आईचे दूध अमृत' लिहिलेलं! हा उपदेश मला नको. जिला पाजणं शक्य नाही किंवा जी पाजू इच्छित नाही, तिला अपराधी ठरवायचं नाही. पण आज निवड तिची नसतेच. २०१७ पासूनची २६ आठवड्यांची पगारी रजा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांतल्या बायांना. कापूस वेचणारीला कुठली रजा?

तेव्हा दवाखान्यांना जाब विचारू या. सिझर झालं तरी, आई-बाळाची तब्येत ठीक असेल तर बाळ तासाभरात छातीशी का नाही? पाजायला शेजारी बसून शिकवणारी सिस्टर का नाही? डबा लिहिला तर कारण केसपेपरवर का नाही? बाळंतिणीला दोष देणं पुरे झालं!