स्वस्तातले परदेशी यंत्र आणि न मिळणारा गिअर

पाऊस पडून गेलाय, वाफसा आलाय, शेजाऱ्याची पेरणी निम्मी उरकलीय आणि तुमचा पॉवर टिलर मात्र फिटरच्या ओट्यावर उघडा पडलाय. दोष कशात, तर मुठीएवढ्या एका गिअरात. ज्याच्याकडून यंत्र घेतले त्याला फोन केला तर तो म्हणतो, "तो मेक आता येत नाही, दुसरा आलाय, तो घ्या." हा अनुभव ज्याने घेतला त्याला पुढचे सांगायला नको. ज्याने अजून घेतला नाही त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

परदेशातून आलेले यंत्र वाईटच असते असे नाही. आपल्याकडे नावाजलेले टिलरही मूळ जपानी कंपन्यांच्या सहकार्यानेच सुरू झाले. फरक एवढाच की त्यांच्यामागे कारखाना, विक्रेता आणि सुट्या भागांचे दुकान उभे राहिले. खोक्यातून आलेल्या, गावच्या व्यापाऱ्याने रंग आणि स्टिकर बदलून विकलेल्या यंत्रामागे कोणी नसते.

हे दुखणे आपलेच आहे असेही नाही. जपानमध्ये वापरलेले कुबोटा ट्रॅक्टर अमेरिकेत आडमार्गाने विकले जात. सूचनापट्ट्या जपानीत, काही भाग वेगळे, तिथल्या अधिकृत विक्रेत्याकडे ना स्पेअर ना पुस्तक. कंपनी तिथल्या व्यापार आयोगाकडे गेली. १९९७ साली आयोगाने अशा ट्रॅक्टरांची आयात अडवली आणि १९९९ मध्ये न्यायालयाने ते कायम केले. ट्रॅक्टर अस्सल कुबोटाच होते, पण तेवढ्याने भागले नाही.

आपल्याकडे १५ जुलै २०२० रोजी केंद्राने पॉवर टिलरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. परवाना मागणाऱ्याकडे दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय हवी, अशी अट घातली. अट चांगली. पण परवाना इंजिन, गिअरबॉक्स, चासी आणि रोटाव्हेटर या भागांनाही लागू झाला. म्हणजे आधी ज्यांनी असे टिलर घेऊन ठेवले होते, त्यांच्या व्यापाऱ्याला मोठा भाग मागवणेही अवघड झाले. त्या शेतकऱ्याचा विचार कोणी केला, हा प्रश्न उरतोच.

आता घरात यंत्र असेलच तर काय करायचे? बेअरिंगवर नंबर असतो, त्याच नंबरचे बेअरिंग शहरातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. ऑईल सीलवर माप असते, तेच. बेल्टचेही तसेच. यासाठी व्यापाऱ्याच्या पाया पडायची गरज नाही. अडते ते गिअर, शाफ्ट आणि ओतीव घरापाशी. गिअर वर्कशॉपमधून करून घेता येतो, पण हार्डनिंग नीट झाले नाही तर दोन हंगामांत दात झिजतात. नमुना म्हणून जुना गिअर जपून ठेवा, तुटलेला असला तरी भंगारात घालू नका. आणि पेरणीच्या तोंडावर नव्हे, उन्हाळ्यात गिअरबॉक्स उघडून बघा.

नवे घेणार असाल तर किमतीआधी एकच विचारा: क्लच प्लेट आणि पहिला गिअर आत्ता दुकानात दाखवता का? "मागवून देतो" म्हणाला की उठा. आयातदाराचे नाव-पत्ता पाहा. पक्के बिल घ्या, त्यावर इंजिन आणि चासी नंबर लिहून घ्या. कर वाचवायला कोऱ्या चिठ्ठीवर घेतलेल्या यंत्राची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात टिकवणे फार कठीण. बिल असेल तर स्वतःच्या शेतीसाठी यंत्र घेणारा शेतकरी तिथे ग्राहक म्हणून उभा राहू शकतो.

कृषी सहायक आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. अनुदानाच्या मोका तपासणीत यंत्राचा फोटो निघतो, नंबर टिपला जातो, फाईल पुढे जाते. त्याच कागदावर सर्वात जवळचे स्पेअरचे दुकान कोणते आणि ते किती किलोमीटरवर, एवढे एक वाक्य लिहून घ्या. अवजार बँकेसाठी यंत्र घेताना तर हे आधीच बघा, कारण तिथे एक टिलर बंद पडला की अख्ख्या गटाची पेरणी थांबते.