तासाचा दर विचारू नका

मे महिना लागला की आपल्या सेक्टरच्या ग्रुपवर हा मेसेज ठरलेला. "मिनी पोकलेन आणि ऑपरेटर पाहिजे, ड्रेनेजसाठी चर मारायचाय. तासाला किती?" खाली आठ नंबर येतात. कुणी म्हणतं बाराशे, कुणी म्हणतं माझा माणूस हजारात येतो. हजारवाला ठरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन गल्लीत उतरतं आणि संध्याकाळी निम्म्या गल्लीचं पाणी गेलेलं असतं.

मंडळी, मी स्वतः हेच केलंय. आज चिडून लिहितोय, पण त्यातला निम्मा राग स्वतःवर आहे.

गेल्या वर्षी जूनच्या तोंडावर आमच्या रो-हाउसच्या मागच्या गल्लीतली लाईन बदलायची होती. सिडकोच्या काळातले भाजक्या मातीचे पाइप, सांध्यांत झाडांची मुळं शिरलेली. जोराचा पाऊस आला की तळमजल्याच्या बाथरूममध्ये मैला उलटा यायचा. गल्ली आठ फुटांची, जेसीबीचं काम नाही, म्हणून मिनी पोकलेन. सेक्रेटरी म्हणून मी तिघांना फोन लावले, तिघांशी घासाघीस केली, तासाला शंभर रुपये कमी करून घेतले आणि कमिटीत शाबासकी मिळवली.

बकेट केवढी आणणार, हे मात्र विचारलं नाही. सहा इंची पाइपला फूट-दीड फुटाची बकेट पुरते. आली दोन फुटांची. म्हणजे माती जास्त निघाली, तेवढीच परत भरावी लागली, पेव्हर ब्लॉकही जास्त उखडले. वाचवलेले शंभर रुपये तिथेच संपले.

ऑपरेटर पोरगा झारखंडचा. हात असा की बकेटच्या दातांनी वीट अलगद उचलून बाजूला ठेवेल. पण मशीन तासावर घेतलं की त्या माणसाच्या खिशातला फोन सारखा वाजतो, कारण दुपारी तेच मशीन घणसोलीत हवं असतं. वर मी उभा, घड्याळ बघत. त्याने दोनदा विचारलं, "साहब, पानी का लाइन किधर से है?" मी हवेत हात फिरवला, "इधर से कहीं होगा." नकाशा मी कुठे मागितलाच नव्हता. साडेअकराला लाईन तुटली.

ग्रुपवर सगळ्यांनी शिव्या कुणाला घातल्या? ऑपरेटरला. मीही गप्प बसलो.

खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती मी ग्रुपवर कधी लिहिली नाही. शेवटच्या चेंबरजवळ चर सहा फुटांवर गेला. आपल्या खाडीकाठच्या भागात वर भरावाचा मुरूम आणि खाली काळी चिकण. मुरूम तासला की भिंतीसारखा उभा राहतो, त्यामुळे खाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. त्यात फुटलेल्या लाईनचं पाणी मुरलेलं. उपसलेली माती चराच्या काठालाच, कारण गल्लीत जागा नाही. तळ साफ करायला मी हेल्परला म्हटलं, "उतर रे, दोन मिनिटांचं काम आहे."

तो उतरला आणि एक बाजू बसली. कमरेपर्यंत गाडला गेला.

पहिली उडी ऑपरेटरने मारली. बकेटने माती काढा असं कुणीतरी वरून म्हणालं, तेव्हा तोच ओरडला की मशीनला हात लावू नका, पाय कुठे आहेत दिसत नाहीत. हातांनी आणि घमेल्यांनी उपसत होतो, वीस मिनिटं तरी गेली असतील. वाचला. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं. छातीपर्यंत आली असती तर त्याला श्वास घेता आला नसता, आणि मी आज ही पोस्ट लिहीत नसतो.

रात्री बसून वाचलं. खोदकामाच्या सुरक्षेसाठी आपल्याकडे आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना आधार द्यायचा, उपसलेली माती काठापासून लांब ठेवायची. आठ फुटांच्या गल्लीत लांब म्हणजे कुठे? मग माती उचलून न्यायला गाडी लावायची, फळ्या आणि टेकू आणायचे. त्याला पैसे पडतात. "तासाला किती" या प्रश्नात ते पैसे कुठेच नसतात, म्हणून तो प्रश्नच चुकीचा आहे. आपण तास विकत घेतो आणि धोका हेल्परच्या पदरात टाकतो.

कुणी म्हणेल, एवढं सगळं केलं तर खर्च किती वाढेल! वाढेल. पण तुटलेली लाईन, टँकर, प्लंबर, पुन्हा बसवलेले ब्लॉक यांची बेरीज करून बघा. आमचं तर कामही नीट झालं नाही. सहा इंची पाइपला ढोबळ हिशेब साठ फुटांना एक फूट उताराचा. आमचा उतार डोळ्यांनी ठरला. घाईत एका जागी जास्त खोल गेलं, तिथे भुसभुशीत माती टाकून पाइप ठेवला. गणपतीपर्यंत पाइपला पोट पडलं आणि मैला तिथेच साचायला लागला. भरतीचं पाणी आत घुसू नये म्हणून ज्या शहरात धारण तलाव बांधावे लागले, त्या शहरात आपण लेव्हल ट्यूब न लावता ड्रेनेज टाकतो!

आणि प्रशासनालाही विचारायला हवं. मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे खालच्या केबल आणि पाइप ज्यांचे आहेत त्यांना ते समजतं. चांगलंय. आपल्या सोसायट्यांपैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? सिडको १९७० पासून आहे, महापालिका १९९२ पासून. पाणी, गॅस, वीज कुठून जाते याचा गल्लीनिहाय नकाशा वॉर्ड ऑफिसात मिळायला हवा, खोदकामाच्या परवानगीसोबतच. ही मागणी आपण सगळ्या सोसायट्यांनी मिळून लेखी द्यायला हवी. पण नकाशा हातात येईपर्यंत फावड्याने चाचणी खड्डे घ्या, लाईन सापडली की चुन्याची फक्की मारा आणि मगच मशीनला हात लावू द्या. अर्धा दिवस जातो. जाऊ दे की!

रविवारी पुढच्या गल्लीच्या कामाची मीटिंग आहे. मी मशीन दिवसाच्या भाड्याने घ्यायचा प्रस्ताव ठेवतोय, पूर्ण दोन दिवस. पहिल्या सकाळी फक्त हाताचं काम. फळ्या, टेकू, शिडी आणि मातीची गाडी अंदाजपत्रकात वेगळी लिहिणार, म्हणजे कुणाला कापायची असेल तर नाव घेऊन कापावी लागेल. ज्यांना महाग वाटतं त्यांनी या आणि माझ्यासमोर बोला.

ऑपरेटर तोच सांगितलाय. फोनवर मी तारीख सांगायच्या आत त्याने विचारलं, पाण्याची लाईन कुठून जाते ते या वेळी तरी माहीत आहे का?