हजेरीपट आणि ईश्वरसान्निध्य

ईश्वराशी निकटचा व नित्याचा संबंध हाच ख्रिस्ती जीवनाचा गाभा होय, असे विधान केले तर आपल्या मंडळीतील कोणी उघड विरोध करणार नाही. उलट सर्व जण माना डोलावतील, आणि मग त्या विधानास एकेक पुरवणी अशी जोडीत जातील की अखेरीस मूळ कलमच बाद ठरावे. हे साधुसंतांचे काम, प्रापंचिकाने रविवारी उपासनेस हजर राहावे, वर्गणी चुकती करावी, तेवढे त्याला पुरे, असे एक पक्ष म्हणतो. देवाशी गूज करीत बसण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या पोराची फी भरावी, असे दुसरा म्हणतो. तिसरा जरा आवाज खाली आणून सुचवितो की ही सारी भाषा वारकऱ्यांची आहे, आणि ती आपण मागे टाकून आलो आहोत. हिंगोली जिल्ह्यात, जेथे ख्रिस्ती घरे मोजकी आणि विखुरलेली आहेत, तेथे या पुरवण्यांनी होणारे नुकसान शहरापेक्षा अधिक आहे; कारण शहरात माणूस निदान गर्दीच्या आधाराने तरी टिकतो, येथे त्याला तोही आधार नाही.

पहिल्या पक्षाची सारी भिस्त हजेरीवर आहे. हिंगोलीस निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती, ती विसाव्या शतकाच्या आरंभी उठली. परंतु इंग्रजी पलटणींत रविवारची ‘चर्च परेड’ जशी हुकमाने होई तसाच धर्मही हुकमाने चालतो, ही समजूत आमच्यातून अद्याप उठलेली नाही. वार्षिक सभेत बाप्तिस्म्यांची संख्या, वर्गणीची थकबाकी आणि आवाराच्या भिंतीची दुरुस्ती यांचा तपशील वाचला जातो. वर्षभरात कोणाच्या घरी सर्वांनी मिळून प्रार्थना केली काय, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाही. तो दप्तरात मावणारा नाही, हे खरे. पण जे दप्तरात मावत नाही ते गौण, हा न्याय कारकुनाला शोभेल, ख्रिस्ताच्या शिष्याला शोभत नाही. मंदिरात उभ्या राहिलेल्या परूश्याचे उपवास आणि दशमांश चोख होते. येशूने निकाल दिला तो जकातदाराच्या बाजूने.

आता, प्रापंचिकाला वेळ कोठे, या युक्तिवादाकडे वळू. माघ-फाल्गुनात वसमत, औंढा, कळमनुरीकडे हळदीची काढणी चालते आणि बहुधा त्याच दिवसांत पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा उपवासकाळ येतो. पहाटे शिवारात जायचे, खणलेले कंद गोळा करायचे, गड्ड्यापासून हळकुंडे मोडून वेगळी करायची, आणि शिजवणीची पाळी आली की रात्रही कढईपाशी काढायची. या दिवसांत जिला रविवारची मजुरी बुडविणे परवडत नाही अशा बाईच्या नावापुढे मंडळीच्या वहीत ‘अनियमित’ असा शेरा पडतो. परंतु हीच बाई हळकुंडे मोडता मोडता शेजारणीच्या तापाने फणफणलेल्या पोरासाठी मनातल्या मनात विनवणी करते, रात्री मुलांना जवळ घेऊन शास्त्राचे पान उघडते, आणि तिच्या बोटांनी त्या पानांचे कोपरे पिवळे होऊन गेलेले असतात. खुद्द येशूचा कफर्णहूमातील दिवस दुखणाइतांच्या गर्दीत मावळला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच तो एकांतात प्रार्थनेस निघून गेला, असे मार्काने नोंदविले आहे. हा सवडवंतांचा धर्म असता तर गालिलातले कोळी त्याच्या मागे गेलेच नसते.

दुसऱ्या पक्षाशी वाद घालणे अधिक अवघड आहे, कारण त्यांच्या हातून प्रत्यक्ष भले होत असते. शेजारच्या वाशिमात नाझरीन मिशनने उभारलेल्या रुग्णालयाचे ऋण कोण नाकारील? परंतु या मित्रांपुढे मी पंडिता रमाबाईंची साक्ष ठेवतो. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. विद्वत्ता, त्याग, परोपकार, कशातच उणे नव्हते. आणि तरीही आपल्या निवेदनात त्यांनी निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला असला तरी ख्रिस्त गवसलेला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले. सेवेने ईश्वरसंबंधाची जागा भरून निघत असती तर ही उणीव भासण्याचे त्यांना काही कारणच नव्हते. बरे, ती भरून निघाल्यावर त्या डोळे मिटून बसल्या, असेही झाले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी केडगावास वसविल्या. तेथे मुक्तिसदन उभे राहिले, शेती पिकली, छापखाना चालला. आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम, १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी, त्यांनी तडीस नेले. अंतर्मुखतेने माणूस निष्क्रिय होतो म्हणणाऱ्यांनी केडगावचा हा हिशेब एकदा तपासून पाहावा.

तिसऱ्या पक्षाने आपला आक्षेप कयाधूच्या काठी, नर्सीस उभे राहून पुन्हा उच्चारावा. हे नामदेवांचे जन्मगाव अशी परंपरा आहे. आणि देव नाही अशी जागा दाखव, म्हणजे तेथे पाय ठेवतो, असे विसोबा खेचरांनी त्यांना बजावल्याची कथा औंढ्या नागनाथास आजही सांगतात. ज्या मुलखात माणसे देवाशी रुसली, भांडली आणि पुन्हा त्याच्याच गळ्यात पडली, तेथील ख्रिस्ती माणसाने तहसिलीतल्या अर्जदारासारखे हात बांधून, ठरीव मायन्यात आपल्या पित्याशी बोलावे, ही कोणती निष्ठा? पौलाने अथेन्सात ग्रीक कवींचा दाखला दिला, तेव्हा त्याची सुवार्ता बाटली नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे स्वच्छ सांगितले, आयुष्यभर अभंग आणि भजने लिहिली, आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही मज्जाव नव्हता. भेद मुळीच नाहीत, असे मी म्हणत नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे शोधाची सुरुवात देवाकडून होते. नव्याण्णव मेंढरे सोडून तो एकाच्या मागे जातो, आणि त्या शोधाची किंमत वधस्तंभावर देतो. पण म्हणूनच त्याच्याशी संकोच अधिक अप्रस्तुत ठरतो.

निकटतेच्या नावाखाली सौदा मांडणाऱ्यांना मात्र येथे आश्रय मिळणार नाही. दुखणे बरे कर, खटला जिंकून दे, मग साक्ष देईन, ही बोली आहे. आणि बोली फिसकटली की हे लोक प्रथम देवालय सोडतात व मागाहून देवही.

मग मंडळीची गरज काय, असे कोणी विचारील. घरी जो रोज देवाशी बोलतो त्यालाच रविवारच्या उपासनेत स्वतःचे असे काही आणता येते, आणि प्रभुभोजनाची भाकर एकट्याने मोडावयाची नसते. तेव्हा हजेरीपट जाळावा, असे माझे म्हणणे नाही. हळदीच्या दिवसांत पाळकांनी एखादी उपासना रात्री शिवारातच, कढई चढलेली असताना घ्यावी. वार्षिक सभेने भिंतीच्या दुरुस्तीवरची चर्चा थोडी आवरून घरगुती प्रार्थनेचा विषय विषयपत्रिकेवर आणावा. आणि ‘अनियमित’ हा शेरा मारण्यापूर्वी कारभाऱ्यांनी त्या घरी एकदा जाऊन यावे.