किफ्तचा अर्धा दिवस

आमच्या धाराशिवात ‘लक्झरी’ या शब्दाला एकच अर्थ आहे. रात्रीचे जेवण आटोपून, पाण्याची बाटली आणि चादर काखोटीस मारून, जिची वाट पाहत हमरस्त्यावर उभे राहावयाचे, जी कधी वेळेवर येत नाही आणि आली की फार वेळ थांबतही नाही, आणि जी पहाटे पुण्याच्या कोणत्या तरी उड्डाणपुलाखाली आपणांस अर्धवट झोपेत उतरवून पुढे निघून जाते, ती खाजगी गाडी म्हणजे लक्झरी. म्हणून गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी, “बाबा, तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, तुम्ही आणि आई इजिप्तची लक्झरी टूर करून या, पैशाचं मी बघतो,” असे फोनवरून फर्माविले, तेव्हा सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला तो असा : “पुढच्या सीटा मिळतील का? मागं बसलं की माझी कंबर धरते.”

दोन दिवसांनी कार्यक्रमपत्रिका आली. कैरोत तीन रात्री, आस्वानात एक, आस्वानपासून लक्सरपर्यंत नाईल नदीवर प्रासादतुल्य नौकेत तीन, लक्सरात एक आणि अखेरीस भूमध्य समुद्राच्या काठी अलेक्झांड्रियात दोन, असा दहा रात्रींचा बेत होता. आणि प्रत्येक रात्रीपुढे अशा एकेका निवासस्थानाचे वर्णन होते की ते वाचतानाच आपल्या अंगावरचा सदरा मळका आहे असा संकोच वाटावा. टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने १८६९ साली, म्हणजे सुवेझचा कालवा खुला झाला त्याच वर्षी, आपली पहिली मंडळी नाईलवर नेली, तेव्हापासून या शास्त्राची उपासना तेथे चालू आहे. आस्वानचे ओल्ड कॅटरॅक्ट १८९९ चे आणि लक्सरचे विंटर पॅलेस १९०७ चे, अशी त्याची जुनी पीठेही आहेत. या शास्त्राचे सार मला असे दिसले की, प्रवास म्हणून माणसाच्या वाट्यास जे जे येते, ताटकळणे, ओझे वाहणे, वाट चुकणे, घासाघीस करणे, ते सारे प्रवाशाच्या अंगावरून काढून दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर घालावयाचे, आणि तो दुसरा माणूस प्रवाशाच्या दृष्टीस पडणार नाही अशी तजवीज करावयाची.

येथे माझी एक खोड सांगितली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात खडीच्या कामांवर हजेरीपट लिहिण्याने माझ्या नोकरीस प्रारंभ झाला आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या महसूल शाखेत अव्वल कारकून म्हणून तिची अखेर झाली. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते गृहस्थ निजामाच्या अमलात नोकरीस लागलेले, दफ्तराच्या कामात कसलेले. कागदात काय लिहिले आहे ते कोणीही वाचील, काय लिहावयाचे राहिले आहे ते जो वाचतो तो कारकून, असे ते म्हणत. त्यांची ही शिकवण माझ्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की लग्नपत्रिकादेखील मी त्याच दृष्टीने वाचतो. तेव्हा तांबडी पेन्सिल घेऊन मी इजिप्तची रुजुवात करावयास बसलो.

पिरॅमिडच्या पानावर मूळची १४६ मीटर उंची होती, दगडांची संख्या होती, सूर्यास्ताच्या वेळी द्यावयाच्या पेयाचे नावही होते. हजेरीपट मात्र नव्हता. आणि वस्तुतः तो उपलब्ध आहे! तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे २०१३ साली पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या चमूस जे पपायरस मिळाले, त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, खुफू राजाच्या अमदानीत, चाळीसेक माणसांची टोळी घेऊन तुरा येथील खाणीचा चुनखडीचा दगड नावांतून गिझाकडे पोचविण्याच्या खेपा त्याने दिवसवार टिपल्या आहेत : आज दगड भरला, आज मुक्काम अमुक ठिकाणी, आज रिकामी नाव परत. लिहिलेला याहून जुना पपायरस आजवर सापडलेला नाही. म्हणजे त्या देशाने जपलेला सर्वांत जुना लिखित कागद राजस्तुतीचा नसून खेपांच्या हिशेबाचा आहे, हे कळल्यावर खडीच्या ढिगाशेजारी मांडी घालून अंगठे घेणाऱ्या त्या बावीस वर्षांच्या पोराची मला आठवण झाली, आणि खुफूविषयी जे प्रेम वाटले नव्हते ते मेरेरविषयी वाटले.

मग मी नाईलचे पान पुन्हा वाचू लागलो, आणि तेथे तर आमच्याच जिल्ह्याची नोंद राहून गेली आहे असे ध्यानात आले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी मार्गदर्शिका लिहून ठेविली, जिला ‘पेरिप्लस’ म्हणतात, तीत त्याने भडोचच्या पाठीमागील मुलखातील दोन पेठा आवर्जून नमूद केल्या आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, जेथून गोमेदाचे खडे येत. आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, एक फार मोठे नगर, जेथून साधे सुती कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि इतर वस्त्रे, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचला उतरविली जात. हे तगर कोणते यावर विद्वानांत पुष्कळ काळ वाद होता. कोणी ते जुन्नर म्हणत, कोणी देवगिरी. १९०१ साली पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते तेर होय असे सप्रमाण मांडले आणि वाद निकाली निघाला. तेच तेर, आमच्या धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणेच्या काठी वसलेले; ज्याच्या नावाचा दिमाख असा की शेकडो वर्षांनंतर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेण्यात भूषण मानीत.

भडोचला जहाजावर चढलेला माल पुढे कोठे जाई? तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरांत तो उतरे. तेथून उंटांच्या पाठीवर, दिवसाच्या उन्हामुळे बहुधा रात्रीची चाल करीत, नाईलकाठच्या कोप्टोस या गावी येई, आणि कोप्टोसला नावेत चढून नदीने अलेक्झांड्रियास पोचे. बेरेनिके ते कोप्टोस ही वाट बारा दिवसांची, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. रोमच्या सरहद्दीत शिरणाऱ्या या मालावर चौथा हिस्सा जकात होती. आणि कोप्टोसच्या नाक्यावर तर इसवी सन ९० मध्ये जकातीचे दरपत्रकच दगडावर कोरून लाविलेले होते, ज्यात उंटाच्या परवान्यास एक ओबोल आणि जहाजाच्या डोलकाठीस वीस द्राख्मा अशी बारीकसारीक कलमवारी आहे. ज्याने उभी हयात महसुलाच्या कलमांत घालविली त्याला लक्सरजवळच्या कर्णक मंदिराच्या खांबांपेक्षा हा दगड अधिक मोहक वाटला, तर वाचकांनी मला अरसिक म्हणावे, पण अप्रामाणिक म्हणू नये.

हे सगळे मी सौभाग्यवतींना वाचून दाखविले. “मग परत येताना काय आणायचे ते लोक?” त्यांनी विचारले. दारू, पोवळी, काच, सोन्याचांदीची नाणी, असे मी ‘पेरिप्लस’मधील यादीवरून सांगितले. “म्हणजे कापड आमचं आणि दारू त्यांची,” एवढाच त्यांनी त्या अर्थशास्त्रावर शेरा मारला.

कोप्टोस म्हणजे आजचे किफ्त; लक्सरच्या उत्तरेस चाळीसेक किलोमीटर. लक्सरात आमची एक रात्र होतीच. तेव्हा मी सहल कंपनीस फोन लावून, लक्सरच्या मुक्कामात किफ्तसाठी अर्धा दिवस काढता येईल काय अशी पृच्छा केली. पलीकडे एक विनयशील तरुण होता. “सर, त्याऐवजी तुम्हांला पहाटे बलूनमधून सगळं दाखवतो की,” तो म्हणाला. “किफ्तमध्ये पाहण्यासारखं काही नाही. तिथं कुणी जात नाही.”

मी त्यावर काही बोललो नाही, कारण ते वाक्य माझेच होते. माझ्या नोकरीभर, ज्या काळी जिल्ह्याच्या शिक्क्यावर उस्मानाबाद असे नाव होते, तपासणीस येणारे परगावचे साहेब सायंकाळी येथे काय पाहावे असे विचारीत, तेव्हा मी तुळजापूर सांगे, नळदुर्गचा पाणीमहाल सांगे, परंड्याचा किल्ला सांगे. आणि कोणी तेरचे नाव काढलेच तर, “गोरोबाकाकांची समाधी आहे साहेब, बाकी पाहण्यासारखं काही नाही,” असे म्हणून मोकळा होई. पांढरीची टेकाडे साहेबांना काय दाखवावयाची! ज्या टेकाडांतून निघालेले मणी, पणत्या, मातीची खेळणी गोळा करण्यात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्य वेचले, ज्यांच्या संग्रहातून गावात शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि जेथील हस्तिदंती बाहुलीची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली, त्या टेकाडांविषयी हा माझा अभिप्राय होता, आणि तो मी साहेबांपुढे अदबीने उभा राहून देत असे.

त्या तरुणाच्या वाक्यातील न्याय मला तेव्हा उमगला. वैभव जेथे साठले ते स्थळ प्रेक्षणीय ठरते. ज्या गावातून ते नुसते वाहून नेले गेले त्या गावी मागे काही उरत नाही, आणि उरत नाही म्हणून तेथे कोणी जात नाही. कैरो, लक्सर, अलेक्झांड्रिया ही पहिल्या जातीची. तेर आणि किफ्त दुसऱ्या. या दुसऱ्या जातीच्या गावांचे ऋण पहिल्या जातीच्या हिशेबात कधी जमा होत नाही, याचेही प्रमाण किफ्तच देते : १८९३-९४ च्या हिवाळ्यात फ्लिंडर्स पेट्री यांनी तेथे उत्खनन करताना गावकऱ्यांना जमिनीचे थर ओळखून खणण्याचे कसब शिकविले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ‘कुफ्ती’ या नावाने ओळखले जाणारे हे कसबी कामगार साऱ्या इजिप्तभर पुराणवस्तू उकरून काढीत आले. पाहण्यासारखे काही नसलेल्या या गावाने, इतरत्र जे पाहण्यासारखे आहे त्यातील पुष्कळसे वर काढले! अबू सिंबेलचेही तेच. आस्वानच्या नव्या धरणात बुडणारी ती मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून, सुमारे ६५ मीटर वर चढवून पुन्हा जोडली, ही कथा पत्रिकेत सचित्र आहे. त्याच पाण्याखाली गेलेल्या न्यूबियन लोकांच्या गावांना मात्र ओळसुद्धा नाही. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या सास्तूरसारखी गावे नव्या जागी कशी वसली आणि जुन्या जागेकडे माणसे किती वर्षे मान वळवून पाहत राहिली, हे ज्याने कचेरीतून पाहिले, त्याला ती न लिहिलेली ओळ ठळक दिसते.

तारखेचा प्रश्न शेवटचा होता. इजिप्तचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पण कंपनीचा हंगाम निराळा आणि आमच्या घरचा निराळा. आश्विनात नवरात्र, पुढे दिवाळी, मग ज्वारीची राखण. आणि मार्गशीर्ष अमावास्येच्या येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीपुढे पांडवांची पूजा करून, भज्जी आणि आंबील यांचा नैवेद्य दाखविल्यावाचून गाव सोडण्यास सौभाग्यवती कदापि राजी नव्हत्या. पौषात तुळजापूरला धाकटे नवरात्र. त्याच्या शाकंभरी पौर्णिमेस आईच्या पायाशी हजर राहिलेच पाहिजे. “अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, पुनवेला परत,” असा त्यांनी निवाडा दिला. पंचांग काढून पाहिले तो निघण्याचा हा दिवस डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कोठे तरी पडतो. प्लिनीचे टिपण मी पुन्हा उघडले : हिंदुस्थानातून परतणारी जहाजे डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या मध्याआत सुटत. त्या दिवसांत ईशान्येचा वारा पाठीशी असतो. तगरचे कापड भडोचहून ज्या दिवसांत समुद्रावर जाई, तेच दिवस येळवस आणि तुळजाभवानी यांनी मिळून आमच्यासाठी काढून दिले होते.

गेल्या रविवारी आम्ही दोघे तेरला जाऊन आलो. त्रिविक्रमाच्या देवळापुढे, जे मुळात चैत्य असावे असे जाणते म्हणतात, थोडा वेळ बसलो. “किफ्तला तरी काय बघायचं आपण?” सौभाग्यवतींनी विचारले. पाहण्यासारखे काही नाही, हे मी प्रांजळपणे मान्य केले. “मग नुसतं उभं राहू,” त्या म्हणाल्या, “ओझं उतरवल्यावर हमाल उभा राहतो तसं.”

काल कंपनीचे उत्तर आले. किफ्तचा अर्धा दिवस मंजूर. गाडीभाडे व वाटाड्याची मजुरी स्वतंत्र आकारण्यात येईल. मी उलट टपाली कळविले की मंजूर आहे. मात्र ही बाकी चिरंजीवांच्या खाती न लिहिता माझ्या निवृत्तिवेतनातून वळती करून घ्यावी, कारण दहा रात्री ही त्यांनी आम्हांस दिलेली भेट आहे, आणि हा अर्धा दिवस ही जकात आहे.